‘व्हेंचर’ शब्दाची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस ‘व्हेंचर’ हा शब्द वारंवार भेटतो. त्याचा अर्थ ‘धाडस’ असा लिहून घेऊन ते पुढें जातात. परंतु माणसाप्रमाणें शब्दालाहि कूळ असतें, आणि तें ठाऊक झाल्यावांचून शब्दाची खरी ओळख पटत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

‘व्हेंचर’ हें ‘ॲडव्हेंचर’ ह्या शब्दाचेंच आखूड रूप होय. त्याचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. ‘ॲड’ म्हणजे कडे, व ‘व्हेनिरे’ म्हणजे येणें. यावरून जें पुढें यावयाचें आहे तें ‘ॲडव्हेंचुरा’. लॅटिन ‘व्हेनिरे’, इंग्रजी ‘कम’ आणि संस्कृत ‘गम्’ हे एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. तेव्हां आपला ‘आगामी’ हा शब्द त्याचा जवळचा नातलगच ठरतो. नाताळापूर्वींच्या आगमनकाळाचें ‘ॲडव्हेंट’ हें नांवहि ह्याच कुळांतील. फ्रेंच भाषेच्या मार्गें हा शब्द इंग्लंडांत आला, तेव्हां ‘दैवयोगानें जें घडेल तें’ असा त्याचा अर्थ होता. घडेल त्यास आपण होऊन सामोरें जाणें, हा अर्थ मागाहून जडला. पुढें व्यापारी लोक समुद्रापार धाडलेल्या मालास व त्यांत घातलेल्या भांडवलासहि व्हेंचर म्हणूं लागले.

अशाच व्यापाऱ्यांस ३१ डिसेंबर १६०० रोजीं ईस्ट इंडिया कंपनीची सनद मिळाली. १६०१ सालीं जेम्स लँकॅस्टर तिचीं जहाजें घेऊन पूर्वेकडे निघाला. वारा व वादळ त्याच्या हातचें नव्हतें. पण आपल्या जहाजावरील खलाशांस त्यानें लिंबाचा रस नेमानें पाजला. ते धडधाकट राहिले. इतर जहाजांवरील लोक स्कर्व्ही रोगानें इतके खंगले कीं, कित्येक दगावले, व शिडें ओढावयास हात पुरेनात. लँकॅस्टर १६०३ सालीं स्वदेशीं परतला.

आपल्या ‘साहस’ शब्दाचाहि अर्थ असाच पालटला आहे. मनुस्मृतींत बळजोरीनें केलेल्या अपराधास साहस म्हटलें आहे. आज तो गुण मानला जातो. परंतु विचारावांचून केलेलें साहस अजूनहि घातच करितें.

जुगारी फासे टाकून दैवाची वाट पाहतो. व्हेंचर करणारा निघण्यापूर्वीं लिंबाचा रस बरोबर घेतो. मुलास दूरच्या गांवीं शिकावयास धाडणारे आईबापहि आपली पुंजी समुद्रावर सोडीतच असतात. त्यांच्या हातीं वारा नाहीं. परंतु जहाजावरील नेम पाळणें, हें तर विद्यार्थ्यांनो, सर्वस्वीं तुमच्या हातीं आहे.