विहिरीच्या पाण्याने थंड होणारी इंजिने : पाणी किती ऊन असावे?

पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांतील संत्र्याच्या बागा मुख्यत्वे विहिरींच्या पाण्यावर पोसल्या जातात. (२०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.) आंबिया बहाराची फळे झाडावर असतानाच उन्हाळा येतो, आणि तेव्हा ओलितात खंड पडल्यास फळगळ होते. विजेचे पंप आले असले, तरी वीज नसेल त्या वेळी जुने पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिनच बागेच्या कामास येते.

अशा इंजिनास थंड ठेवण्याची रीत सोपी आहे. पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून थोडे पाणी रबरी नळीने इंजिनाच्या जाकिटात सोडतात. ते सिलिंडर व हेडभोवती फिरून बाहेर पडते आणि पाटाला मिळते. बाहेर पडणारे पाणी हाताला गार लागले, की इंजिन सुखात आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. हा समज खर्चाचा आहे.

डिझेलच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग कामी येतो, जवळजवळ तितकाच धुराबरोबर जातो आणि साधारण तेवढाच थंड करणारे पाणी घेऊन जाते. पाच अश्वशक्तीच्या इंजिनात पूर्ण भार असताना ही उष्णता मिनिटाला अंदाजे ५३ किलोकॅलरी भरते. विहिरीचे पाणी २७ अंश सेल्सिअसचे धरले आणि मिनिटाला २० लिटर सोडले, तर ते तीन अंशही तापत नाही. दोन लिटर सोडले, तर ५३ अंशांवर बाहेर पडते. शाळेतील मुलांकडून हे गणित अवश्य करून घ्यावे.

सिलिंडर फार गार राहिला, तर डिझेल नीट जळत नाही. न जळलेला अंश लायनरवरून खाली उतरतो, वंगणतेल पातळ होते व पिस्टनच्या रिंगा झिजतात. पूर्वी डिझेलमध्ये गंधक अधिक असे. गार भिंतीवर वाफ निवून त्याचे आम्ल बनत असे व लोखंड खात असे. एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाख भागांत जास्तीत जास्त दहा भाग गंधक असलेले डिझेल मिळू लागल्याने ही झीज घटली. पातळ होणाऱ्या तेलाची बाब मात्र तशीच राहिली आहे, आणि वाया जाणाऱ्या इंधनाचीही.

मग पाणी उकळण्याच्या बेतात ठेवावे काय? तेही नव्हे. काळ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट क्षार विरघळलेले असतात. तापल्यावर त्यांतील चुना वेगळा होऊन भांड्याच्या बुडाशी बसतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. जाकिटातही हेच घडते. फरक इतकाच, की तेथे घासणारे कोणी नसते. हा पांढरा थर लोखंडापेक्षा कितीतरी कमी उष्णता वाहून नेतो. त्यामुळे बाहेरचे पाणी बेताचे ऊन दिसत असताना आतील लोखंड भलतेच तापलेले असू शकते.

समुद्रावरील जुन्या यांत्रिक नौकांपुढेही हाच पेच असतो. ज्यांच्या इंजिनांत थेट खारे पाणी खेळते, त्यांत थर्मोस्टॅट सुमारे ६० अंशांचा बसवितात. गोडे पाणी बंद चक्रात फिरविणारी इंजिने मात्र ८० अंशांच्या आसपास चालतात. कच्चे पाणी वापरावयाचे, तर उष्णतेचा काही लाभ सोडावा लागतो, असा हा व्यवहार आहे.

विहिरीवरील इंजिनास कारखान्याच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असल्यास तोच पाळावा. पुस्तिका हरवली असल्यास बाहेरचे पाणी ५० ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवणे इष्ट होय. हाताचा अंदाज येथे उपयोगी नाही, कारण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. साधा दुधाचा तापमापक पुरतो. इंजिन भारावर आल्यानंतर जाकिटाच्या नळीवरील कॉक थोडा थोडा आवळावा व पाच मिनिटे थांबून पुन्हा माप घ्यावे. भार बदलला, की कॉकही बदलावा लागतो. विहिरीची पातळी उतरून पंपाने पाणी सोडले, तर जाकिट कोरडे पडते. म्हणून उन्हाळ्यात इंजिन चालवून दूर जाऊ नये. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी सोडल्यास हेडला तडा जातो. तेव्हा प्रथम इंजिन बंद करावे, ते आपोआप निवू द्यावे, आणि मगच नळी तपासावी.