कैदी, कागद आणि मुदत



तुरुंगातील माणसाची भेट घेणे हे दयेचे कृत्य आहे, हे आपण मत्तयाच्या शुभवर्तमानातून (अध्याय २५) लहानपणापासून शिकतो. भेटीत आपण धीराचे चार शब्द बोलतो, प्रार्थना करतो. त्याच्या कागदांवरील तारखा पाहणे हीसुद्धा सेवाच आहे. ती कशी, हे एका खटल्यावरून समजून घेऊ या.

हेबियस कॉर्पस म्हणजे काय?

एखाद्याला बेकायदा कोंडून ठेवले असेल, तर घटनेच्या कलम ३२ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयात व कलम २२६ प्रमाणे उच्च न्यायालयात दाद मागता येते. 'याला कोणत्या कायद्याने अडकवले, ते दाखवा,' असे न्यायालय सरकारला विचारते. हाच हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज. तो कैद्याच्या वतीने आई, पत्नी किंवा मित्रही करू शकतो.

एका आईचा अर्ज

१९८० साली महाराष्ट्र सरकारने तस्करीच्या संशयावरून एका तरुणाला 'कोफेपोसा' कायद्याखाली स्थानबद्ध केले. अशा स्थानबद्धतेत खटला चालत नाही. म्हणूनच, स्थानबद्धतेची कारणे पाच दिवसांत, आणि अपवाद म्हणून फार तर पंधरा दिवसांत कळवावीत, असे कायद्याचे बंधन आहे. त्याला ४ जूनला पकडले. कारणे मिळाली, पण ज्या कागदपत्रांवर ती आधारली होती, त्यांच्या प्रती मागूनही ११ जुलैला मिळाल्या आणि ध्वनिफिती २० जुलैला. आई इच्छूदेवी चोरारिया सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात सांगितले की, कागदपत्रे हा कारणांचाच भाग आहे. तीही मुदतीतच दिली पाहिजेत. नाहीतर आपली बाजू तो मांडणार कशी? तरुणाची सुटका झाली. तस्करीने समाजाचे नुकसान होते हे न्यायालयाने नाकारले नाही. तो दोषी की निर्दोष, हा प्रश्नच तेथे नव्हता. सरकारने कायदा पाळला का, एवढाच प्रश्न होता. कैद्याने तुरुंगातून पाठवलेले साधे पोस्टकार्डही न्यायालयाला पुरेसे झाले आहे, असेही त्या निकालात म्हटले आहे.

मुदत आपल्यालाही असते

नेहमीच्या फौजदारी अटकेत पोलिसांनी २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो. मात्र आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज केला नाही, तर तो हक्क हातचा जातो.

आपण काय करू शकतो?

१. अटकेची तारीख, कागद मिळाल्याची तारीख आणि पुढची तारीख एका वहीत लिहून ठेवावी.
२. कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.
३. उच्च न्यायालयातील रत्नागिरीची प्रकरणे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला चालतात. मुंबई गाठण्याची गरज नाही.

विचार करू या: आपल्या वाडीत कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा तुरुंगात आहे का? लाजेमुळे ते घर गप्प असेल. त्यांच्या दारी जाऊन, 'कागद दाखवा, आपण तारखा पाहू,' असे आपल्यापैकी कोण म्हणेल?