घारी खा, पण तिचा पंधरवडा करू नका

सुरतेतल्या मराठी घरांत कोजागिरीचं मसाला दूध पिऊन होतं न होतं तोच दुसऱ्या रात्री चंदनी पडव्याची घारी समोर येते. मावा, सुका मेवा, साखर, मैद्याची पारी आणि वर गोठलेल्या तुपाचा थर. जोडीला खारं भुसुं. घटकांवरून हिशेब केला तर १०० ग्रॅम घारीत ४५० ते ५०० कॅलरी सहज भरतात. वजन सांभाळणाऱ्याची पंचाईत इथे सुरू होते. कुणी मोबाइल काढून घासाघासाची नोंद करत बसतो, तर कुणी दिवाळी संपेपर्यंत स्वतःला सगळं माफ करून टाकतो. मला हे दोन्ही मार्ग घातक वाटतात. कॅलरी मोजणं हे साध्या दिवसांचं काम आहे आणि ते नेमाने करावं. सणाच्या ताटावर मात्र मोजमाप नको. तिथे सांभाळायची ती फक्त तिथी.

आधी आकडेच पाहू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. पडव्याच्या रात्री दोन घाऱ्या, भुसुं आणि वर आणखी काही खाऊन नेहमीपेक्षा १,५०० कॅलरी जास्त गेल्या, असं धरू. त्यातून फार तर २०० ग्रॅम चरबी वाढेल. तरी दुसऱ्या सकाळी काटा किलो-दीड किलो जास्त दाखवू शकतो, कारण भुसुंमधलं मीठ पाणी धरून ठेवतं आणि शरीरात साठलेलं ग्लायकोजेनही आपल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट पाणी सोबत घेतं. दोन-चार दिवसांत ते पाणी उतरतं. त्या सकाळी काट्यावर चढून घाबरण्यात काही अर्थ नाही. खरा धोका पुढच्या चौदा दिवसांत आहे, कारण घारी किलोच्या हिशेबाने येते, तुपामुळे टिकते आणि दिवाळीचा फराळ सुरू होईपर्यंत चहाबरोबर अर्धी-अर्धी संपत राहते. रोज अर्धी घारी म्हणजे पंधरवड्यात तीन हजारांहून जास्त कॅलरी, आणि त्या खाताना चांदणंही नसतं नि मंडळीही नसतात. सन २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९५ प्रौढांच्या वजनाचा अभ्यास आला होता. नाताळच्या आगेमागे साधारण सहा आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.३७ किलोच वाढलं, पण नंतरच्या महिन्यांत ती वाढ उतरली नाही. वाढ लहान होती. ती दरवर्षी साचत जाते, ही काळजीची गोष्ट.

मोजणं सणाच्या ताटाजवळ का नको, याचं पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे: दुकानातल्या घारीत किंवा उंधियूत किती तूप-तेल पडलंय ते आपल्याला कळायला मार्ग नाही, मग नोंदवलेला आकडा हा अंदाजच. दुसरं कारण मनाचं. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी एक प्रयोग केला. आधी मिल्कशेक प्यायला दिल्यावर डाएट करणाऱ्या स्त्रिया नंतर आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खात होत्या. एकदा मर्यादा मोडली की उरलेला दिवसही वाया गेला असं वाटतं. २०१४ साली न्यूझीलंडच्या संशोधकांना असं दिसलं की चॉकलेट केक म्हटल्यावर ज्यांच्या मनात अपराधीपणा येतो, त्यांना आनंद आठवणाऱ्यांपेक्षा दीड वर्षात वजन टिकवणं कमी जमलं. रात्रीच्या घारीसाठी दिवसभर उपाशी राहणंही याच जातीचं आहे. भुकेला माणूस चवीने खात नाही, भराभर खातो. त्या दिवशी दुपारी वरण-भात, भाजी, कोशिंबीर नेहमीसारखीच खावी.

यावर कुणी म्हणेल, सुरतेत सण कधी नसतो? रविवारी लोचो, थंडीत पोंक, उत्तरायणाला उंधियू, मग लग्नसराई. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच व्याख्या कडक हवी. ज्याला तिथी किंवा ठरलेला दिवस आहे, ज्यासाठी माणसं जमतात आणि जो पदार्थ एरवी घरात नसतो, तो प्रसंग. १४ जानेवारीच्या गच्चीवरचं उंधियू प्रसंग आहे. डिसेंबरपासून दर आठवड्याला आणलेलं उंधियू म्हणजे जेवण, त्याची नोंद झालीच पाहिजे. दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा: आमचे आजोबा तूप ओरपायचे, त्यांनी कधी मोजलं? आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाची गरज दिवसाला २,११० कॅलरी आहे, तर जड कष्ट करणाऱ्याची ३,४७०. खानदेशातल्या शेतात राबणारे आजोबा आणि दिवसभर घंटीवर हिरे घासत किंवा कापड मार्केटच्या गाळ्यात बसलेला नातू यांच्यात तब्बल १,३६० कॅलरींचं अंतर आहे. आजोबांना मोजायची गरज नव्हती. नातवाला आहे, वर्षातले बहुतेक सगळे दिवस.

मधुमेह्यांसाठी मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. त्यांनी पडव्याला किती खायचं ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, स्वतःच्या मनाने गोळी किंवा इन्सुलिन वाढवू नये आणि ‘शुगर-फ्री’ घारीला निर्धोक समजू नये. तिच्यात साखर नसली तरी मावा, मैदा आणि तूप असतंच. बाकीच्यांनी खरेदीच्या वेळीच निर्णय घ्यावा. घरात चार माणसं असतील तर चार-पाच नग आणावेत, दोन किलोंचा डबा नको. कुणी भेट म्हणून डबा दिलाच, तर त्याच रात्री शेजाऱ्यांत, वॉचमनकडे, कामावरच्या मंडळींत वाटून टाकावा. आणि ताटावर मुलं बसलेली असताना कॅलरीचा शब्द काढू नये; आठ वर्षांच्या मुलीला घारीची चव कळू द्यावी, तिचा आकडा नव्हे.