वजन उचलल्याने उंची खुंटते?

प्रश्न : माझा १४ वर्षांचा मुलगा जिमला जायचं म्हणतो. वजन उचललं की उंची खुंटते, असं सासूबाई म्हणतात. काय करू? – एक आई, सातारा

उत्तर : जाऊ द्या त्याला. नीट देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही, उलट हाडं बळकट होतात. हाडांच्या टोकांची वाढती कूर्चा नाजूक असते, हे खरं. पण तिला इजा होते ती बहुधा चुकीच्या पद्धतीने किंवा न झेपणारं वजन उचलल्याने. आधी घरीच जोर-बैठका जमू देत. मग हलकं वजन, १० ते १५ वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवसाआड. मित्रांशी पैजा मात्र सक्त बंद! प्रोटीन पावडरही नको. डाळ, दूध, अंडी पुरेत. सांधा दुखतच राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.