शिस्त कुणाची?



या महिन्याचा पाठ मनाच्या निग्रहाचा आहे. विषय ऐकला की वाटतं, आता पहाटे उठा, राग आवरा, असलं काहीतरी येणार. तसं नाही. आपण पैशापासूनच सुरुवात करू, कारण आपल्या मनाची खरी परीक्षा तिथेच होते.

मागे एका गटाच्या बैठकीला गेले होते. चाकणजवळचं गाव. बैठक दुपारी ३ ची ठरलेली. साडेतीनला चौघी आल्या, ४ ला सातजणी, आणि बचतीची वही उघडली तेव्हा सव्वाचार झाले होते. उशीर का, विचारलं तर एक ताई म्हणाली, "आपलाच गट हाय मॅडम, कोण बोलणार हाय आपल्याला?" मग मी सहज विचारलं, फायनान्सच्या हप्त्याला किती वाजता जाता? सगळ्या हसल्या. मंगळवारी सकाळी ८ म्हणजे ८. पावणेआठलाच सतरंजी टाकलेली असते. एखादीकडे पैसे नसतील तर बाकीच्या मिळून भरतात, पण त्या माणसाला रिकामं जाऊ देत नाहीत.

त्याच बाया, तेच गाव, तेच घड्याळ. म्हणजे बायकांना शिस्त नाही असं कुणी म्हणू नये. शिस्त आहे. पण समोर कुणी उभं राहिलं की ती बाहेर येते, आणि कुणी नसलं की झोपते. आजच्या पाठात एवढंच बघायचं आहे, की आपल्यावर कुणी नजर ठेवून नसताना आपण आपलाच शब्द पाळू शकतो का, आणि पाळला तर काय मिळतं.

आता निग्रहाचं म्हणाल तर तो आपल्याकडे किती आहे ते आपल्यालाच ठाऊक नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. भुकेल्या पोटी घरातल्या आठ माणसांच्या भाकरी थापायच्या आणि एक घास तोंडात टाकायचा नाही, हे काय साधं काम आहे? पहिल्या पाळीची बस सकाळी लवकर येते म्हणून चारला उठून डबे करणाऱ्या बाया आपल्या गटांत आहेत. मन मारण्यात आपल्याला कुणी शिकवू नये. पण हा सगळा निग्रह आपण नवऱ्याच्या आयुष्यासाठी, पोरांच्या डब्यासाठी, सुपरवायझरच्या हजेरीसाठी खर्च करतो. स्वतःच्या नावाने २०० रुपये बाजूला ठेवायची वेळ आली की म्हणतो, "ह्या महिन्याला राहू द्या, पुढच्या महिन्याला दोन्ही देते."

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी दिवाळीत मी हप्त्यावर मोठा टीव्ही घेतला. गरज नव्हती. जावेकडे आला होता, पोरं मागे लागली होती, आणि दुकानदार म्हणाला, आज काहीच भरू नका. सही करायला ५ मिनिटं लागली. पुढे १८ महिने दर ५ तारखेला पोटात गोळा. दोनदा हप्ता चुकला तेव्हा दंड बसला, आणि तो भरायला मी गटातून कर्ज काढलं. कारण विचारलं तेव्हा मुलाची फी असं सांगितलं. बैठकीत खोटं बोलले. गटाला शिकवणारी मी! टीव्ही अजून चालतो, पण त्याच्याकडे बघून मला अजून ती ५ तारीख आठवते.

त्यातून मला एक कळलं. मन सगळ्या वेळी सारखं घट्ट नसतं. सकाळी ताजं असतं तेव्हा आपण शहाण्या असतो. पाळी संपवून, पाणी भरून, थकून बसल्यावर कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं त्राण उरत नाही. सण, लग्नसराई, बोनस, ही तर मन सैल व्हायचीच वेळ. म्हणून नाही म्हणायचं काम थकलेल्या मनावर सोडायचं नाही. ते शहाण्या वेळी आधीच ठरवून, बांधून ठेवायचं.

आपल्या गटाची रचना नेमकी अशीच आहे. बैठकीचा दिवस ठरलेला, रक्कम ठरलेली. काही गटांत पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी असते. आपण म्हणतो, चोरी होऊ नये म्हणून. तेही खरं, पण जिच्या घरी पेटी आहे तिलाही रात्री दहा वाजता मोह होऊ नये, हाही त्यात उपकार आहे. फिलिपिन्स देशात एका बँकेने हाच प्रयोग केला होता, त्याचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. ठरवलेली तारीख येईपर्यंत किंवा ठरवलेली रक्कम जमेपर्यंत स्वतःचेच पैसे काढता येणार नाहीत, असं खातं त्यांनी लोकांपुढे ठेवलं. वाटेल, असलं खातं कोण घेईल? पण विचारलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांनी ते घेतलं. आणि ज्यांना असं खातं देऊ केलं त्यांची बचत वर्षभरात इतरांपेक्षा बरीच जास्त वाढली. स्वतःच्या हाताला स्वतःच कुलूप लावणारी माणसं जगभर आहेत, आपण एकट्याच नाही.

आता हिशोबाकडे येऊ. सगळ्यांनी वही काढा.

१०,००० रुपये गावातून शेकडा १० ने घेतले, म्हणजे महिन्याला १,००० नुसतं व्याज. वर्षभर व्याजच भरत राहिलं तर १२,००० गेले आणि मुद्दल १०,००० तसंच उभं. तेच १०,००० गटातून शेकडा २ ने घेतले आणि दरमहा १,००० मुद्दल फेडत गेलं, तर पहिल्या महिन्याला व्याज २००, दुसऱ्याला १८०, तिसऱ्याला १६०, असं उतरत दहाव्या महिन्याला २०. एकूण व्याज १,१००. कर्ज फिटलं, आणि ते १,१०० गटातच राहिले, म्हणजे आपल्याच घरात. दोन्हीकडे महिन्याला हजाराच्या आसपासच काढावे लागतात. शिस्त तेवढीच लागते. एका शिस्तीतून बाई बाहेर पडते आणि दुसरीत अडकून राहते.

ही गोष्ट आपल्या भागातल्या बायांनी फार आधी ओळखली. आपल्याच खेड तालुक्यात, राजगुरुनगरला, सुधा कोठारी आणि चैतन्य संस्थेने १९९० च्या आगेमागे बायांचे गट बांधायला घेतले. तेव्हा चाकणला आजच्याएवढे कारखाने नव्हते. चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. नाबार्डने गट बँकेला जोडायचा प्रयोग १९९२ मध्ये सुरू केला, तोही देशभरात ५०० गटांपासून. त्या काळात रोजंदारीच्या पैशातून महिन्याला थोडे थोडे रुपये बाजूला काढून १९९३ पर्यंत इथे ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ उभा राहिला.

दुसरी गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची. माण तालुका, कायमचा दुष्काळी. तिथे रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे १० रुपये साठवायचे होते, पण बँका तिचं खातं उघडेनात. चेतना सिन्हा यांनी ठरवलं, आपलीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला, कारण पुष्कळ सभासद बायांचे अंगठे होते. बाया म्हणाल्या, मग शिकू. दिवसभर काम करून त्या शिकायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. तिथे साहेबांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, कॅल्क्युलेटर न घेता आम्ही व्याज काढून दाखवतो, तुमच्या माणसांनाही काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. मला यातलं रिझर्व्ह बँकेतलं बोलणं आवडतंच, पण जास्त आवडतात ते मधले महिने, ज्यांच्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. डोळे मिटत असताना अक्षर गिरवायचं, आणि उद्या परत.

आपल्या पट्ट्याची अडचण वेगळी आहे. इथे पैसा नाही असं नाही. एमआयडीसीत जमिनी गेल्या, एकरकमी पैसे आले, आणि किती घरांत ते गाडी, बंगला, लग्नात दोन-चार वर्षांत संपले, हे मी सांगायला नको. शंभर रुपये सांभाळायची सवय नसली तर मोठी रक्कम सांभाळणार कशी? आजही खोल्यांचं भाडं येतं, कंपनीचा पगार येतो, पण घरातल्या बाईला विचारा, तुझ्या हातात किती? ती म्हणते, मागितले की मिळतात.

मागावे लागत नाहीत तेव्हा काय होतं, ते आमच्या गटातल्या एका ताईचं बघितलं. ठेकेदारामार्फत कामाला होती. तिथे एक जण नको तसं बोलायचा. वर्षभर सहन केलं, कारण पगार बुडला तर पोरांचं काय. एक दिवस तिने गटातली आपली बचत विचारली. ९,६०० होती, शिवाय गटाचं कर्ज शून्य. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. सव्वा महिन्याने दुसरीकडे लागली. त्या सव्वा महिन्यात तिने बचतीतले ४,००० वापरले. ही रक्कम काही फार मोठी नव्हे. पण नको तिथून उठून येण्याइतकी होती.

एक मात्र ध्यानात ठेवा. शिस्त म्हणजे कडकपणा नाही. घरात आजारपण आहे, मजुरी बुडली आहे, अशा ताईला बैठकीत सगळ्यांसमोर घालूनपाडून बोललं तर आपण वसुलीवाल्याचंच काम फुकट करतोय. आणि पगारच अपुरा असेल तर नुसत्या निग्रहाने तो पुरत नाही. त्यासाठी पगार वाढवून मागावा लागतो, तो वेगळा पाठ.

पुढच्या बैठकीत पंचसूत्री म्हणून झाली की एक काम करा. प्रत्येकीने आपल्या घरावर असलेले सगळे हप्ते एका कागदावर लिहायचे: गटाचा, फायनान्सचा, मोबाइलचा, गाडीचा, सोन्यावरचा. कुणाकडून घेतलं ते सांगायची गरज नाही, फक्त रक्कम आणि तारीख. जिला लिहिता येत नाही तिला शेजारची मदत करेल, पण तिच्या कानात विचारून, मोठ्याने नाही. मग प्रत्येकीने तीन महिन्यांसाठी एकच नियम स्वतःचा स्वतः ठरवायचा. उदाहरणार्थ, घरी दोन रात्री विचार केल्याशिवाय नव्या कर्जावर सही करणार नाही. किंवा पगार जमा झाला की पहिले २०० गटाचे. सचिव ताईंनी तो तिच्या नावापुढे इतिवृत्तात लिहून घ्यायचा. आणि उशिराचा दंड ठरवायचा असेल तर बैठक सुरू व्हायच्या आधी, सगळ्या वेळेवर आलेल्या असताना ठरवा. कुणी उशिरा आल्यावर ठरवायला बसलं की जाऊ-नणंद मध्ये येते.