‘उदान’ : एका पाली शब्दाचा अर्थ

पाली शिकताना विद्यार्थी ‘उदान’ या शब्दापाशी हमखास थांबतात. कोशात ‘उद्गार’ असा अर्थ मिळतो. पण उद्गार तरी म्हणजे काय? ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘गॄ’ म्हणजे गिळणे. आतले वर येते तो उद्गार. संस्कृतात ढेकरेलाही हाच शब्द आहे, हे सांगितले की वर्ग हसतो आणि शब्द मात्र कायम लक्षात राहतो. ‘उदान’ हा श्वासाशी नाते सांगणारा शब्द आहे. ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे. उदान म्हणजे वर उसळलेला श्वास.

अट्ठकथाकारांनी दिलेला दृष्टान्त अगदी घरगुती आहे. मापात न मावणारे तेल ओघळते, तळ्यात न मावणारे पाणी बांधावरून वाहते. तसे हृदयात न मावलेले वचन मुखावाटे बाहेर पडते, ते उदान.

खुद्दकनिकायातील ‘उदान’ या ग्रंथात ८० सुत्ते आहेत. त्यांत भद्दियाची कथा येते. शाक्यांचे राजपद सोडून भिक्खू झालेला भद्दिय अरण्यात झाडाखाली बसून पुन्हा पुन्हा सुखाचे उदान काढी. सोबत्यांना वाटले, याला राजवैभव आठवते. तथागतांनी विचारले तेव्हा त्याने सांगितले : महालाच्या आत-बाहेर, नगरात आणि जनपदात पहारे असूनही मी भयभीत असे, आज एकटा आहे आणि निर्भय आहे.

उदान केवळ भगवंतांचेच, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. पित्याचा वध करणारा अजातशत्रूही चांदणी रात्र पाहून उदान काढतो. आणि धनंजानी! राजगृहातील भारद्वाजगोत्री ब्राह्मणाची ही पत्नी नवऱ्यासाठी भोजन आणताना अडखळली आणि तिच्या मुखातून तीनदा ‘नमो तस्स’ बाहेर पडले. सुत्तात त्यासाठी ‘उदान’ हाच शब्द आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घराघरांत पोहोचलेले शब्द ते हेच. सकाळच्या वंदनेत आमची मुले ते एका दमात उरकतात (शिक्षकही!). ‘तीनदा का?’ असे कुणी विचारले, तर मी कारण सांगत बसत नाही. त्या स्वयंपाकघरातील बाईची गोष्ट सांगतो.

नवरा संतापला. तिच्या गुरूला वादात हरवतो, असे म्हणून तो भगवंतांकडे गेला आणि त्याने विचारले, ‘कशाचा वध केल्याने सुखाची झोप लागते?’ उत्तर मिळाले, ‘क्रोधाचा.’ तो घरी परतला नाही. त्याने प्रव्रज्या घेतली.