चार्जर काढायचाच नाही, असं ठरवलं होतं

आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून लॅपटॉप घेतल्या दिवसापासून मी चार्जर काढलाच नाही. वीज गेली तर बॅटरी काठोकाठ भरलेली हवी, एवढाच हिशेब. अडीच वर्षं पिन जागची हलली नाही. त्यात माझी बैठक पलंगावर. लॅपटॉप गादीवर आणि त्याची हवा जायची भोकं चादरीत बुजलेली.

ज्या दिवसासाठी ही सगळी तयारी, तो दिवस एकदाचा उजाडला. दुपारी वीज गेली, अनुवादाची चौदा पानं संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. पडद्यावर ९६ टक्के दिसत होते, म्हणून मी निवांत. अकराव्या मिनिटाला पडदा काळा. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या इन्व्हर्टरवर बसून काम उरकलं.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं, तर बॅटरी उशीसारखी फुगलेली. दोन महिने टचपॅड नीट दाबला जात नव्हता, तो दोष मी धुळीवर ढकलला होता. खालून बॅटरी त्याला वर रेटत होती. तो म्हणाला, “ताई, चार्जर काढतच नाही ना तुम्ही?”

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत : सतत पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, आणि त्या ताणाखाली आतली रसायनं न वापरताही झिजत राहतात. उष्णतेने ती झीज वाढते, वायू तयार होतो, सेलचं पाकीट फुगतं. मी बॅटरी जपत नव्हते, मंद आचेवर शिजवत होते.

आता नव्या बॅटरीला मी ८० टक्क्यांची मर्यादा घालून दिली आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कंपनीच्याच ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये ही सोय असते. आपण तिकडे फिरकत नाही, इतकंच. कायम टेबलावर प्लगला लावून काम करणाऱ्यांनी तर ती आजच शोधावी. उलट, दर वेळी शून्यावर आणून मग भरण्याचा सल्ला अजून कुणी ना कुणी देतंच. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियमला त्याने त्रासच होतो. वीस-पंचवीसवर चार्जर लावलेला बरा. महिनाभर गावी जाणार असाल तर निम्मी भरून, बंद करून, थंड जागी ठेवा. आणि बॅगेत टाकताना नुसतं झाकण मिटू नका, बंद करा किंवा हायबरनेटवर टाका. झोपेतला लॅपटॉप कधी कधी बॅगेतच जागा होतो आणि तापतो.

एका चार्जवर जास्त वेळ चालावा यासाठी आधी पडद्याचा उजेड कमी करा, मग ब्राउझरचे उगाच उघडे ठेवलेले टॅब मिटा. माझं बाकीच्या युक्त्यांवाचून काही अडलेलं नाही.

फुगलेली बॅटरी मात्र दाबू नका, टोचू नका, घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. कचऱ्यात चेपली गेली की ती पेट घेऊ शकते. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आज एवढं करा : लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगला किंवा झाकण नीट बसलं नाही, तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि उद्याच दुकान गाठा.